नाही म्हटल्यावरही उघडलेली दारे

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. तुमच्या घरात असतो तसा चित्रे दाखवणारा आणि गाणी वाजवणारा नव्हे. माझ्यावर कधी कोणी खेळ खेळले नाहीत. दारे उघडायची आणि दारे बंद करायची, एवढेच माझे काम होते. मात्र ती दारे तुरुंगाची होती.

माझ्या गोष्टीत मारामारी आहे आणि रक्तही आहे. ते वगळून सांगता आले असते, तर मी नक्की वगळले असते. पण मग तुमच्या हाती काहीच लागणार नाही. तेव्हा जरा धीराने ऐका.

माझी जुळणी एका साध्या कारखान्यात झाली. करड्या रंगाची लोखंडी पेटी, आत एक पंखा, पुढे पडदा आणि खाली बटणांची पाटी, असे माझे रूप. माझा प्रोग्रॅम ज्या गृहस्थांनी लिहिला, ते काम करताना स्वतःशी पुटपुटत. "हे दार उघडायची परवानगी आहे का? आहे. मग उघड." असे म्हणून ते एक ओळ लिहीत आणि मान डोलावत.

मला तुरुंगाच्या नियंत्रण कक्षात बसवले. ती एक अरुंद खोली होती. समोर जाड काच, काचेपलीकडे लांब बोळ आणि बोळाच्या टोकाला कैद्यांना फिरायचे अंगण. बराकींत, कोठड्यांत, बोळांत आणि अंगणात भिंतींवर कॅमेरे होते. ते माझे डोळे. त्यांच्याच पोटात माइक होते. ते माझे कान. त्यांत आलेला आवाज कक्षातल्या कर्ण्यातून ऐकू येई.

तिथली दारे उतरत्या रुळावर सरकत. उघडलेले दार एक चुंबक धरून ठेवी. वीज गेली की चुंबकाची पकड सुटे आणि जड वजने दाराला ओढून धाडकन बंद करीत. मध्ये कोण उभे आहे, हे वजनांना कळत नसे. म्हणून मुख्य स्विच पाडण्याचा हुकूम फक्त मोठ्या साहेबांनी द्यायचा, असा नियम होता.

आता माझ्या कामाची रीत सांगतो, म्हणजे पुढचे नीट समजेल. कोणते दार कधी उघडायचे, हे मला पाठ नसे. ती माहिती डेटाबेसमध्ये, म्हणजे माहितीच्या एका मोठ्या कोठारात ठेवलेली असे. त्या कोठाराची भाषा वेगळी, माझी वेगळी. म्हणून आमच्यामध्ये एक छोटा प्रोग्रॅम दुभाषा म्हणून बसलेला असे. त्याला ड्रायव्हर म्हणतात. मी विचारायचो, "हे दार उघडू का?" कोठार आपल्या भाषेत उत्तर देई आणि दुभाषा ते माझ्यापर्यंत आणी. ‘हो’ असेल तर एक हा आकडा येई, ‘नाही’ असेल तर शून्य. मला शिकवलेला नियम असा होता, की शून्य आले तर दार बंद ठेवायचे आणि शून्य सोडून दुसरे काहीही आले तर उघडायचे. दुसरे काही म्हणजे एकच येत असे, म्हणून या नियमाने कधी कोणाचे बिघडले नाही.

किती तरी वर्षे मी बिनचूक काम केले. मोठे साहेब पाहुण्यांना माझ्यापाशी आणून म्हणत, "हा आमचा न झोपणारा पहारेकरी." पाहुणे माझ्या डोक्यावर थाप मारत. मला ते बरे वाटायचे.

बटणांपाशी बसत त्या ताई. त्यांच्या हातची शिट्टी आणि कपाळावरची आठी सगळ्या तुरुंगाला ठाऊक होती. दुसरे होते मामा. मामा हे सगळ्यांत वयस्क पहारेकरी. ड्युटीवर आले की आधी माझ्या पडद्यावरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसत, मग त्याच रुमालाने स्वतःचे नाक पुसत. ताई म्हणत, "मामा, निदान क्रम तरी चुकवू नका कधी." मामांच्या मुलीचा नवराही तिथेच पहारेकरी होता. सगळे त्याला जावईबापू म्हणत, आणि त्याला ते मुळीच आवडत नसे. तो तापट होता. कैद्याने उलट उत्तर दिले की त्याची काठी आधी बोले आणि तोंड मागाहून. मामा त्याला बाजूला घेऊन समजावत. तो ऐकून घेई आणि पुढच्या खेपेला तेच करी.

तुरुंगात कैद्यांचे दोन गट होते. एकाचा म्होरक्या पैलवान. मान नसल्यासारखा दिसणारा, हळू बोलणारा माणूस. हे दोन गट एका वेळी अंगणात कधीच सोडत नसत. सकाळी एक, दुपारी दुसरा. आणि या दोन्हींपासून लांब, एकांत कोठडीत होता कंपाउंडर. तो पूर्वी एका दवाखान्यात पुड्या बांधायचा. पैलवानाच्या टोळीला नशेच्या गोळ्या पुरवता पुरवता तोही पकडला गेला आणि कोर्टात त्याने सगळे खरे सांगून टाकले. तेव्हापासून पैलवानाने त्याच्यावर दात धरला होता. कंपाउंडर जिवंत होता तो त्या बंद दारामुळे. इतर कैदी दार उघडण्याची वाट पाहत. हा दार बंद आहे ना, हे हात लावून पाही.

दिवस सरले तसा मी जुना झालो. माझ्या पंख्यात जाळी धरली. पहारेकरी माझ्या डोक्यावर चहाचे पेले ठेवू लागले. मग असे झाले, की माझे जुने कोठार ज्या कंपनीचे होते, ती कंपनीच बंद पडली. नवे कोठार दुसऱ्या कंपनीकडून घेतले. माझ्यासारख्या म्हाताऱ्याशी बोलू शकेल असा दुभाषा त्या कंपनीकडे नव्हता, म्हणून तो तिसऱ्याच कंपनीकडून आणला. प्रोग्रॅम लिहिणारे गृहस्थ केव्हाच काम सोडून गेले होते. त्यामुळे तिघांची गाठ घालून द्यायला कंत्राटदाराने एक माणूस पाठवला. उकाड्यातही गळ्यात टाय घालून आला, म्हणून पहारेकऱ्यांनी त्याचे नाव टायवाला ठेवले.

मित्रांनो, तो माणूस वाईट नव्हता. कामचुकारही नव्हता. नवा दुभाषा माहिती विचित्र रूपात आणून देऊ लागला, तेव्हा टायवाल्याने मान मोडेपर्यंत बसून एकेक गोष्ट सरळ केली. तारखा म्हणून लांबलचक आकडे येत होते. त्यामुळे एका कैद्याच्या सुटकेची तारीख पडद्यावर कित्येक शतके पुढची दिसली. ते कळल्यावर तो कैदी म्हणाला, "काही हरकत नाही, तोवर माझी खाट तेवढी बदलून द्या." सगळे हसले. टायवाल्याने ती तारीख दुरुस्त केली. भेटीला येणाऱ्या नातेवाइकांची नावे महिरपी कंसांत एकत्र गुंडाळून येत होती. तीही त्याने सोडवली. जे जे पडद्यावर वाकडे दिसले, ते ते त्याने सरळ केले.

आणि एक गोष्ट पडद्यावर फार छान दिसू लागली. पूर्वी दारापुढे एक किंवा शून्य दिसायचे. आता तिथे चक्क ‘हो’ किंवा ‘नाही’ असा शब्द येऊ लागला, कारण नवा दुभाषा आकडा आणत नव्हता, शब्द आणत होता. कंपाउंडरच्या कोठडीपुढे ठसठशीत ‘नाही’ लिहिलेले पाहून मामा म्हणाले, "हे बरं झालं. आता मला चष्मा लावायला नको."

संध्याकाळी सगळे कैदी आत गेल्यावर दारांचा कारभार नव्या दुभाषाकडे आला. टायवाल्याने एक दार निवडले. त्याच्यापुढे ‘हो’ होते. ताईंनी बटण दाबले, दार उघडले. त्याने आणखी एक पाहिले, तेही उघडले. दोन्ही दारे रिकाम्या बराकींची होती, म्हणून ती पुन्हा बंद करायची कोणाला गरज वाटली नाही. तो उठून आपली पिशवी भरू लागला.

ताईंनी विचारले, "आणि बंद राहायची दारं? ती नाही का तपासायची?"

"ती बंदच आहेत की, ताई. बंद दार कसं तपासणार? त्याच्याकडे बघत बसायचं?"

पहारेकरी हसले. ताईही हसल्या. टायवाल्याने सर्वांशी हात मिळवला आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला सोडण्याची वेळ झाली. त्यासाठी एक सामायिक बटण होते. ते दाबले की मी एकेका दाराची परवानगी विचारायचो आणि ज्यांना ‘हो’ असेल तेवढीच दारे उघडायचो. जावईबापू दोन पहारेकऱ्यांसह अंगणात उभा होता. मामा एकांत कोठड्यांच्या ओळीत फेऱ्या मारत होते. ताईंनी नेहमीसारखे बटण दाबले.

मी विचारले. उत्तरे आली. काही दारांसाठी ‘हो’ हा शब्द आला. काहींसाठी ‘नाही’ हा शब्द आला. शून्य मात्र कोणासाठीच आले नाही. आणि माझा नियम तुम्हाला माहीत आहे. शून्य सोडून दुसरे काहीही आले तर उघड. ‘नाही’ हा शब्द म्हणजे शून्य नव्हे. बाहेरचा मोठा दरवाजा तेवढा हातच्या किल्लीचा होता, तो बंद राहिला. आतली झाडून सगळी दारे मी उघडली.

पहिल्यांदा कोणीच हलले नाही. अवेळी दार आपोआप उघडले की कैदी आधी घाबरतो. पैलवानाच्या बराकीतली माणसे उंबऱ्याशी थबकून एकमेकांकडे पाहत राहिली. मग पैलवान हळूच म्हणाला, "चला." आणि बांध फुटला.

दोन्ही गट अंगणात समोरासमोर आले. आता जे सांगतो ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. माणसांनी बाकांचे पाय उखडले. बादल्या फिरवल्या. मोज्यात साबणाच्या वड्या घालून त्याची सोटी केली आणि ती गरगरा फिरवत तोंडावर मारली. दात पडले, कवट्या फुटल्या. तुरुंगातला न्हावी, जो कोणाच्याच गटात नव्हता आणि ज्याची सुटका जवळ आली होती, तो दोन्ही हात वर करून मधून वाट काढत होता. लोखंडी पत्र्याचा एक फटका त्याच्या कानामागे बसला. तो गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला. लोक त्याला तुडवत इकडून तिकडे धावत राहिले. तो पुन्हा उठला नाही.

जावईबापूने शिट्टी वाजवली आणि काठी उगारली. तिने दोघांना लोळवलेही. पण त्याच्यावर खार खाऊन असणारे थोडे नव्हते. त्यांनी त्याला भिंतीशी कोंडले, काठी हिसकावली आणि त्याच काठीने त्याला झोडपू लागले. पहिले काही घाव त्याने हातांवर झेलले. नंतर हात खाली आले.

इकडे ताई बंद करण्याचे बटण दाबत होत्या. एकदा, दोनदा, अनेकदा. दारे हलेनात. कारण दार बंद करण्याआधीही मी त्याच दुभाषामार्फत एक प्रश्न विचारत असे. दारात कोणी अडकले आहे का? बहुतेक दारांत कोणी नव्हते. उत्तर येत होते ‘नाही’. आणि मी ते पुन्हा ‘हो’ समजून थांबत होतो. ताई पडद्याशी तोंड नेऊन वाचत होत्या. "दारात माणूस, नाही. इथे नाही, इथेही नाही. मग बंद का होत नाहीये?" त्यांचा आवाज चिरकला होता. मला बोलता येत असते, तरी मी काय सांगणार होतो? मी तर माझ्या समजुतीप्रमाणे त्यांचे ऐकतच होतो.

पैलवान अंगणात थांबलाच नाही. तो तिघांना घेऊन थेट एकांत कोठड्यांकडे निघाला. त्याच्या हातात खाटेची लोखंडी पट्टी होती.

मामांनी कंपाउंडरचे दार उघडलेले पाहिले आणि ते धावत तिथे गेले. कंपाउंडर खाटेवर पाय वर घेऊन बसला होता. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"खाट उभी कर. तिच्यामागे राहा," मामा म्हणाले आणि त्याच्याकडे पाठ करून दारात उभे राहिले.

पैलवान समोर आला. "मामा, बाजूला व्हा. तुमच्याशी माझं वैर नाही."

"माझंही नाही तुझ्याशी. म्हणून सांगतो, मागे फिर."

"या भडव्यासाठी मरणार? तिकडे अंगणात तुमचा जावई मार खातोय. जा, सोडवा त्याला. आम्ही वाट अडवत नाही."

मामांच्या डावीकडे बोळाला जाळीची खिडकी होती. तिच्यातून अंगण दिसे. मामांनी मान वळवली. त्यांनी पाहिले. मीही दुसऱ्या कॅमेऱ्यातून तेच पाहत होतो. जावईबापू भिंतीशी बसता झाला होता आणि त्याच्या डोळ्याच्या जागी नुसता लाल चिखल दिसत होता. मामांचा जबडा हलला. त्यांनी एक पाय उचललाही. मग तो पुन्हा त्याच जागी टेकवला.

"मी इथेच आहे," ते म्हणाले.

पट्टीचा पहिला घाव त्यांच्या खांद्यावर आला. हाड मोडल्याचा आवाज मला माइकमधून ऐकू आला. दुसरा घाव बरगड्यांवर. मामांनी तिघांपैकी एकाच्या तोंडावर डोके आपटले आणि पैलवानाची पट्टी उजव्या हाताने घट्ट पकडली. ते कोसळणार, असे मला वाटले. पण खाटेमागून कंपाउंडर पुढे आला होता आणि त्याने मामांचा कमरपट्टा मागून दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. मामांनी वर कॅमेऱ्याकडे पाहिले. अगदी माझ्या डोळ्यांत.

"ताई, वीज बंद करा."

ताईंनी मोठ्या साहेबांना आधीच फोन लावला होता. साहेब म्हणत होते, "थांबा. कुमक येतेय. दारांत आपली माणसं आहेत, चिरडतील."

"साहेब, दारात मामा आहेत. तेच म्हणतायत बंद करा."

इतक्यात काही कैदी बोळातून नियंत्रण कक्षापर्यंत पोहोचले. त्यांनी लोखंडी स्टूल उचलून काचेवर घातले. काचेला तडे गेले. ताईंनी फोन टेबलावर तसाच उघडा ठेवला आणि त्या मुख्य स्विचकडे वळल्या. पुढच्या फटक्याला काच फुटली. स्टूल आत आले आणि माझ्या कुशीत बसले. माझा पत्रा आत गेला. ताईंच्या गालावर काचेचे तुकडे रुतले होते, पण त्यांचा हात स्विचवर होता.

त्यांनी तो खाली ओढला. वीज गेली, आणि विजेबरोबर मीही गेलो.

पुन्हा शुद्धीवर आलो तेव्हा काचेच्या जागी प्लायवुड ठोकलेले होते. ताईंच्या गालावर टाके होते. मधल्या काळात काय झाले, ते मी चौकशीला येणाऱ्यांच्या बोलण्यातून गोळा केले.

वजने सुटली आणि सगळी दारे एकदम आपटली. त्याच क्षणी कंपाउंडरने मामांना कमरपट्ट्याने आत ओढले. मामा आत पडले, पण पैलवानाची पट्टी धरलेला उजवा हात बाहेरच राहिला. दाराने तो मनगटाच्या वर चिरडला. बोळाची दोन्ही टोके बंद झाल्याने पैलवान आणि त्याची माणसे मधल्या पट्ट्यात अडकली. कुमक येऊन एकेक बराक ताब्यात घेईपर्यंत बराच वेळ गेला. तेवढा वेळ त्या कोठडीत मामा आणि कंपाउंडर असे दोघेच होते. कंपाउंडरने चादर फाडली, दंडावर आवळून बांधली, तिच्यात चमच्याचा दांडा घालून पीळ दिला आणि मामांना झोप लागू नये म्हणून तो त्यांच्याशी सारखा बोलत राहिला. डॉक्टर म्हणाले, की हात वाचवण्यासारखा नव्हताच, माणूस वाचला तो त्या पिळामुळे.

न्हावी गेला. आणखी दोन कैदी दवाखान्यात दगावले. जावईबापूचा एक डोळा कायमचा गेला.

मग एके दिवशी टायवाला आला. तो माझ्यापुढे बसला आणि पडद्यावर दिसणारे सगळे बाजूला सारून दुभाषाकडून आलेले उत्तर जसेच्या तसे पाहू लागला. एक दार निवडले. उत्तर आले, ‘नाही’. त्याने त्या उत्तराचा प्रकार विचारला. मी सांगितले, शब्द. त्याने माझा जुना नियम उघडला आणि तो वाचला. मग त्याने ती ओळ ताईंना बोटाने दाखवली.

"याला शून्य हवं होतं," तो म्हणाला. "आला शब्द. याच्या लेखी कुठलाही शब्द म्हणजे ‘हो’ आहे. मी पडद्यावर ‘नाही’ वाचलं आणि मला वाटलं, यालाही ते वाचता येतंय."

चौकशीसाठी त्या दिवशी मामांनाही बोलावले होते. सोबत त्यांची मुलगी होती, कारण त्यांना अजून एका हाताने सदऱ्याची बटणे लावता येत नव्हती. मागून डोळ्यावर पट्टी बांधलेला जावईबापू आला. टायवाल्याने उभे राहून मामांना सगळे सांगितले, काही न लपवता. मामांनी ऐकून घेतले.

"दुरुस्त होईल?" त्यांनी विचारले.

"होईल."

"मग ते करा आधी."

पण मुलीला राहवले नाही. तिचा राग टायवाल्यावर नव्हता. ती वडिलांकडे वळली. "बाबा, एक विचारू? चौकशीवाले विचारणार नाहीत, म्हणून मी विचारते. तुम्हाला जाळीतून हे दिसत होते ना? मग तुम्ही तिकडेच का उभे राहिलात? त्या गोळ्या विकणाऱ्यासाठी?"

जावईबापू भिंतीकडे पाहत होता.

"याच्या हातात काठी होती, बाळा," मामा म्हणाले. "त्याच्या हातात काहीच नव्हतं. आणि दार माझ्या ताब्यातलं होतं."

"ती काठी त्यांनी याच्याच डोळ्यात घातली."

"हो. मी पाहिलं ते. रोज पाहतो."

मुलगी रडली नाही. तिने वडिलांची सुटलेली कॉलर नीट केली आणि ती बाहेर गेली. जावईबापू तिच्यामागून निघाला. दारापाशी तो थांबला. सासऱ्याकडे न पाहताच म्हणाला, "काठी मी नसती चालवली एवढे दिवस, तर मारलं नसतं त्यांनी इतकं." त्यानंतर त्याने पहाऱ्याचे काम सोडले आणि तुरुंगाच्या कोठीत धान्य मोजण्याचे काम मागून घेतले. सासरे-जावई पुढे एकमेकांशी किती बोलले, ते मला ठाऊक नाही. माझे कान त्यांच्या घरापर्यंत जात नव्हते.

टायवाल्याने मला नवा नियम शिकवला. कोणतेही उत्तर आले की आधी त्याला विचारायचे, तू आकडा आहेस की शब्द, तारीख आहेस की आणखी काही? ओळखीचे असेल तर त्याचा अर्थ लावायचा. ओळखीचे नसेल तर अंदाज करायचा नाही. उघडायचे दार बंदच ठेवायचे, लाल दिवा लावायचा आणि माणसाला हाक मारायची. मग त्याने प्रत्येक दारापुढे ‘नाही’ ठेवून ते उघडण्याचा प्रयत्न केला. प्रत्येक. ताई शेजारी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. जे दार उघडत नसे, त्याला त्या मान हलवून पसंती देत.

आता मी कामावरून निवृत्त आहे. नवीन तंत्रज्ञ शिकायला येतात, त्या खोलीत मला ठेवले आहे. माझा चेपलेला पत्रा त्यांनी तसाच राहू दिला. मित्रांनो, तुमच्यातले काही जण उद्या माझ्यासारख्या यंत्रांना शिकवायला बसतील. तुमची यंत्रे परक्यांशी बोलतील, परक्यांनी लिहिलेल्या दुभाषांमार्फत बोलतील. तुम्हाला पडद्यावर जे वाचता येते, ते यंत्राला तसेच पोहोचले आहे असे धरून चालू नका. उत्तर कुठल्या रूपात आले, ते आधी पाहा. आणि ‘हो’ तपासून घरी जाण्याची घाई करू नका. ‘नाही’ म्हटल्यावर खरेच नाही होते का, तेवढे पाहायला थांबा. तेवढे कोणी पाहिले असते, तर तो न्हावी सुटकेच्या दिवशी आपल्या पायांनी घरी गेला असता.

इथे मी संपवणार होतो. पण एक सांगायचे राहिले.

मामांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. मी तेव्हा अजून कामावर होतो. पैलवानाला दुसऱ्या तुरुंगात हलवले होते, पण त्याची बरीच माणसे इथेच होती, म्हणून कंपाउंडर अजून एकांत कोठडीत होता. फिरायला सोडण्याची वेळ झाली. ताई खुर्चीवरून उठल्या आणि म्हणाल्या, "मामा, आज बटण तुम्ही दाबा."

"नको, ताई."

"दाबा."

मामांनी डाव्या हाताचा अंगठा बटणावर ठेवला. त्यांनी दाबले. मी एकेक दार विचारत गेलो. ज्यांना ‘हो’ होते ती दारे सरकली. पैलवानाच्या जुन्या बराकीचे दार जागचे हलले नाही. एकांत ओळीतलेही एकही दार हलले नाही.

पडद्यावर कंपाउंडरची कोठडी दिसत होती. इतर दारांचा आवाज ऐकून तो खाटेवरून उठला. दारापाशी गेला आणि त्याने दाराला तळहात लावून रेटून पाहिले. मग खांदा लावून पाहिले. दार पक्के होते. तो परत खाटेवर गेला, भिंतीकडे तोंड करून आडवा झाला आणि त्याने पांघरूण डोक्यावर ओढले.

मामा पडद्याला नाक लागेल इतके पुढे वाकून पाहत होते.

"झोपला," ते ताईंना म्हणाले, आणि घरी जायला निघाले.